अडचणीच्या जागी घालायचे विरघळणारे टाके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर तीन प्रकारचे वाचक येतात: शस्त्रक्रिया शिकणारे डॉक्टर, वैद्यकीय साधनं घडवणारे इंजिनिअर, आणि पोटात राहिलेल्या धाग्याचं पुढं काय होतं या काळजीत पडलेले रुग्ण. एकाला सोपं वाटणारं उत्तर दुसऱ्याला जड जाईल. आपल्या कामाचा प्रश्न उचला, बाकीचे सोडून द्या.

अडचणीची जागा म्हणजे नेमकी कोणती?

जिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही, किंवा पोचले तरी सुई फिरवायला जागा उरत नाही, अशी कुठलीही जागा. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडायचे असतात ते ओटीपोटाच्या तळाशी, जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या, मागे. पित्तनलिका यकृताखाली दडलेली. अन्ननलिकेचं खालचं टोक, बरगड्यांआडची किडनी, लहान मुलाच्या तोंडातली टाळू, या सगळ्या त्यातल्याच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर अख्खं पोटच अडचणीचं होतं, कारण सगळं काम ५ ते १२ मिलिमीटरच्या नळीतून आत घातलेल्या लांब अवजारांनी करायचं असतं. नळी पोटाच्या भिंतीत अडकलेली असते, त्यामुळे हात उजवीकडे नेला की अवजाराचं टोक डावीकडे जातं.

या जागांची आणखी एक अडचण आहे. तिथे घातलेला टाका काढायला पुन्हा जाता येत नाही. त्वचेवरचा टाका आठवड्यानं कापता येतो, मूत्राशयाच्या मानेवरचा नाही. म्हणून तिथे विरघळणारा धागा लागतो.

न विरघळणारा धागा आत तसाच राहिला तर काय बिघडतं?

सगळीकडे बिघडतंच असं नाही. रक्तवाहिन्या आणि हृदयाच्या झडपा शिवायला न विरघळणारा पॉलिप्रॉपिलीनसारखा धागाच लागतो, कारण तिथला ताण जन्मभराचा असतो. पण लघवी आणि पित्ताच्या मार्गात कायमचा धागा उघडा राहिला, तर त्यावर क्षार साचत जातात आणि खडा धरतो.

धागा "विरघळतो" म्हणजे आत नेमकं काय होतं?

मीठ पाण्यात विरघळतं तसं काही होत नाही. जुना कॅटगट मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून, म्हणजे कोलॅजन या प्रथिनापासून बनतो. शरीर त्याला परका मांसाचा तुकडा समजून एन्झाइमांनी पचवतं. या पचवण्यात सूज येते, आणि वेग माणसागणिक, जागेगणिक बदलतो. क्रोमियमच्या क्षारांत भिजवून तो थोडा उशिरा पचेल असं करतात, पण बेभरवशाचा तो बेभरवशाचाच.

१९७० च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा धागा बाजारात आला आणि गणित बदललं. या धाग्याच्या रेणूंच्या लांब साखळीत ठरावीक अंतरानं एस्टर बंध, म्हणजे पाण्यानं तुटणारे रासायनिक दुवे, असतात. ऊतींमधलं पाणी आत शिरतं आणि ते बंध एकेक करून तोडतं. एन्झाइमांची फारशी गरज लागत नाही. शेवटी उरतं ते ग्लायकॉलिक आम्ल. त्याचा काही भाग पेशी नेहमीच्या चयापचयात वापरतात, काही लघवीतून जातो. पाणी सगळ्यांच्या शरीरात सारखंच, म्हणून हा वेग बराच अंदाजात बसतो. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. बाकी सगळी तिच्यावरची कलाकुसर.

पाकिटावर "६० दिवसांत विरघळतो" असं असेल तर तो ६० दिवस टिकतो का?

नाही. या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि शिकाऊ डॉक्टरांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

धाग्याची दोन वेगळी घड्याळं चालू असतात. एक ताकदीचं, दुसरं वस्तुमानाचं. पाणी आधी धाग्यातल्या अस्ताव्यस्त भागांत शिरतं आणि साखळ्या मध्येच कुठेतरी तोडतं. लांब साखळी मध्ये तुटली की ताकद झपाट्यानं जाते, पण तुकडे अजून इतके मोठे असतात की जागचे हलत नाहीत. डोळ्याला धागा अख्खा दिसतो आणि ओढला की तुटतो. तुकडे लहान होऊन वाहून जायला आणखी आठवडे, कधी महिने लागतात.

आकडे पाहा. पॉलिग्लॅक्टिन ९१० हा १९७४ पासून वापरात असलेला वेणीचा, म्हणजे बारीक तंतू गुंफून केलेला धागा. दोन आठवड्यांनी त्याची साधारण ७५ टक्के ताकद शिल्लक असते, तीन आठवड्यांनी ५० आणि चार आठवड्यांनी २५ टक्के. पूर्ण नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस. पॉलिग्लेकॅप्रोन हा एकपदरी, म्हणजे एकाच सलग तंतूचा धागा १९९० च्या दशकातला. पहिल्या आठवड्याअखेर त्याची ५० ते ७० टक्के ताकद असते, दुसऱ्या आठवड्याअखेर २० ते ४० टक्के, आणि तीन-चार आठवड्यांत ती संपते. पण तो नाहीसा व्हायला तीन ते चार महिने घेतो. म्हणजे जो धागा शरीरात जास्त दिवस दिसतो तोच आधी लुळा पडतो. नुसता विरघळण्याचा कालावधी बघून धागा निवडणाऱ्याची इथे फसगत होते.

पॉलिडायॉक्सॅनोन याहून सावकाश चालतो. त्याच्या जाड आकारांत चार आठवड्यांनंतरही निम्म्याहून जास्त ताकद असते आणि पूर्ण जायला सहा-सात महिने लागतात. याच्या उलट टोकाला किरणोत्सर्गानं मुद्दाम कमजोर केलेला पॉलिग्लॅक्टिन. पाच दिवसांत निम्मा, दोन आठवड्यांत ताकद शून्य. तोंडाच्या आतल्या अस्तरासाठी तो उत्तम. खोलवरच्या जोडासाठी विचारही करू नये.

मग कुठल्या जागेला किती दिवसांचा आधार लागतो?

मूत्राशय लवकर भरतं, साधारण तीन आठवड्यांत त्याची भिंत बरीचशी पूर्ववत होते. आतडंही लवकर भरतं, पण पहिले तीन-चार दिवस फसवे असतात. जोडाच्या काठावरचं जुनं कोलॅजन शरीर स्वतःच तोडत असतं आणि नवं अजून तयार झालेलं नसतं. त्या काळात जोड सर्वस्वी धाग्यावर उभा असतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात ताकद घालवणारा धागा तिथे चालत नाही. पोटाच्या भिंतीतला मजबूत पडदा महिनोन्‌महिने घेतो, म्हणून तिथे पॉलिडायॉक्सॅनोनसारखा संथ धागा.

इथे एक मोह आवरावा लागतो: "जास्त टिकणारा घेतला तर बिघडलं कुठे?" बिघडतं. मूत्रमार्गात सहा महिने रेंगाळणारा धागा म्हणजे सहा महिने खडा धरायची संधी.

लघवी, पित्त, स्वादुपिंडाचा रस यांत धागा लवकर झिजतो का?

हो, पण सगळे सारखे नाहीत. कॅटगट प्रथिनाचा असल्यानं पाचक रसांत त्याचा टिकाव लागत नाही. एस्टर बंधांना अल्कधर्मी पाणी मानवत नाही. लघवीत युरिया फोडणारे प्रोटियससारखे जंतू झाले की लघवी अल्कधर्मी होते आणि पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा धागा अपेक्षेपेक्षा बराच आधी ताकद सोडतो. म्हणून नव्या धाग्याची चाचणी फक्त ७.४ पीएचच्या, म्हणजे रक्ताइतक्याच अल्कधर्मी, स्वच्छ द्रावणात घेऊन थांबणाऱ्यावर माझा विश्वास नाही. ज्या जागेसाठी धागा घडवलाय त्या जागेच्या स्रावात तो भिजवून बघायलाच हवा.

एकपदरी धागा चांगला की वेणीचा?

एकपदरी धागा ऊतीतून अलगद सरकतो आणि त्यात जंतूंना लपायला फटी नसतात. वेणीच्या धाग्यात बारीक तंतूंमधून द्रव वर चढतो आणि त्याबरोबर जंतूही. एवढं वाचून एकपदरीच घ्यावा असं वाटेल. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. जाडी दुप्पट, तर कडकपणा सोळा पट. वेणीत तेवढंच द्रव्य अनेक बारीक तंतूंत वाटलेलं असतं, म्हणून ती मऊ राहते आणि गाठीत शहाण्यासारखी बसते. एकपदरी धाग्याला पाकिटातल्या गुंडाळीची सवय जडलेली असते. दुर्बिणीच्या पडद्यावर तो वेटोळं सोडायला तयार नसतो आणि मारलेला फेर हळूच उलगडतो.

पॉलिग्लेकॅप्रोनमध्ये यावर रसायनातूनच तोड काढली आहे. ग्लायकोलाइडच्या कडक खंडांमध्ये कॅप्रोलॅक्टोनचे मऊ खंड घातले, म्हणून तो एकपदरी असूनही बराच वळतो. किंमत मोजावी लागली ती ताकदीच्या घड्याळात, वर आकडे दिलेच आहेत. वेणीच्या बाजूनंही तडजोड होते. पॉलिग्लॅक्टिनवर त्याच कुळातल्या पॉलिमरचा आणि कॅल्शियम स्टिअरेटचा थर देतात, म्हणजे तो ऊतीला करवतीसारखा घासत नाही. थर जास्त झाला तर गाठ सुटते. हा समतोल साधण्यात कारखान्यातल्या माणसांचा बराच जीव जातो.

सुईला एवढं महत्त्व का?

कारण खोल जागी आधी सुई हरते, धागा नंतर.

सुईचा बाक वर्तुळाच्या भागात मोजतात: तीन अष्टमांश, अर्धं, पाच अष्टमांश. उघड्या जागी तीन अष्टमांश पुरते, मनगट थोडं वळवलं की झालं. ओटीपोटाच्या तळाशी मनगट वळवायला जागाच नसते. तिथे पाच अष्टमांशाची सुई लागते. ती छोट्या जागेत खोल बुडी मारते आणि टोक आपल्याकडे वर आणून दाखवते. हाडाच्या कपारीत सुई धरणारी पकड फक्त स्वतःभोवती फिरवता येते, पुढेमागे नेता येत नाही. सुईनं टाक्याचा पूर्ण मार्ग त्या एका फिरकीत कापायचा असतो. बाक कमी असेल तर टोक ऊतीतच राहतं, ते शोधायला दुसरा चिमटा आत घालावा लागतो आणि तेवढ्यात भोक फाटतं.

नळीतून आत जाण्याचाही प्रश्न असतो. मोठ्या बाकाची सुई ५ मिलिमीटरच्या नळीत मावत नाही, म्हणून काही सुयांचा मागचा भाग सरळ आणि फक्त टोकाकडे बाक ठेवतात. आत नेणं सोपं होतं, फिरवणं थोडं अवघड.

टोकाबद्दल थोडक्यात. आतडं आणि मूत्राशयासाठी निमुळतं गोल टोक, जे ऊती कापत नाही, बाजूला सारतं. यकृतासारख्या ठिसूळ अवयवासाठी बोथट.

आता धागा सुईला जोडतात ती जागा. सुईच्या पाठीत बारीक भोक पाडून त्यात धाग्याचं टोक घालतात आणि धातू दाबून आवळतात. कमी दाबला तर धागा निसटतो, जास्त दाबला तर तिथेच चिरडतो. सुई बहुधा धाग्याच्या दुपटीहून जाड असते, म्हणून तिनं पाडलेलं भोक धागा पूर्ण भरत नाही आणि त्यातून झिरपतं. पाणबंद जोड हवा असेल तिथे धागा-सुईच्या जाडीतला हा फरक कमी करणं ही स्वतंत्र कसरत आहे.

खोल जागी गाठ मारणं इतकं कठीण का असतं?

बोटांनी गाठ मारताना ताण दोन्ही बाजूंनी, समोरासमोर देता येतो. दुर्बिणीत दोन्ही अवजारं जवळजवळ एकाच दिशेनं येतात. पहिला फेर टाकून दुसरा टाकेपर्यंत पहिला सैल पडतो. धागा पकडीनं दाबला की त्याच्या अंगावर चरे पडतात, आणि एकपदरी धाग्यात असा चरा म्हणजे पुढे तुटायची जागा. धागा ताणून तोडलात तर तो बहुतेक वेळा गाठीशीच तुटतो. वेणीच्या धाग्याला साधारण तीन फेर पुरतात, एकपदरीला चार ते सहा. प्रत्येक जादा फेर म्हणजे तिथे जादा परकं द्रव्य, आणि तेच सगळ्यात शेवटी विरघळतं.

बाहेर मारून आत ढकलायच्या सरकगाठीही आहेत. रोडर गाठ मुळात मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी होती, ती कॅटगटच्या भरवशावर. कॅटगट ओला झाला की फुगतो आणि गाठ स्वतःच आवळते. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणली. पुढे कृत्रिम धागे आले, ते फुगत नाहीत, आणि तीच गाठ त्यांच्यावर घसरू लागली. मग फेर वाढवून तिचे सुधारित प्रकार करावे लागले. धागा बदलला की गाठही बदलावी लागते, एवढं यातून उचललं तरी खूप.

दुसरा मार्ग गाठ टाळण्याचा. पॉलिडायॉक्सॅनोनची छोटी क्लिप धाग्याच्या शेपटावर चढवतात, ती गाठीचं काम करते आणि पुढे विरघळते.

काटेरी धागा म्हणजे काय, आणि तो सगळीकडे का वापरत नाहीत?

धाग्याच्या अंगावर एकाच दिशेला झुकलेले बारीक काटे असतात. कुसळ कापडात शिरतं पण उलटं निघत नाही, तसा हा पुढे सरकतो आणि मागे येत नाही. प्रत्येक टाक्याला तो स्वतःच धरून बसतो, शेवटी गाठ लागत नाही. कल्पना जुनी आहे, अमेरिकेत १९६४ मध्ये तिचं पेटंट निघालं होतं. विक्रीची मंजुरी मात्र २००४ मध्ये मिळाली.

खोल जागेसाठी हे वरदानच. तरी अडचणी आहेत. काटे धाग्यातूनच कापले तर गाभा बारीक होतो, म्हणून साध्या धाग्यापेक्षा साधारण एक आकार जाड घ्यावा लागतो. काही प्रकारांत काटे न कापता दाबून घडवतात, तिथे हे नुकसान कमी. चुकीचा टाका मागे ओढून काढता येत नाही. आणि शेवटचं टोक पोटात उघडं राहिलं तर आतड्याला किंवा आतड्याच्या पडद्याला अडकून आतडं बंद पडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. टोक ऊतीलगत कापावं, लोंबतं सोडू नये.

धाग्याची लांबी आणि रंग यांत ठरवण्यासारखं काय आहे?

बरंच. दुर्बिणीत एकेकट्या टाक्यासाठी १२ ते १५ सेंटिमीटर धागा पुरतो. त्याहून लांब असेल तर तो सारखा अवजारांत गुंततो. सलग शिवणीला जास्त लागतो, पण तिथेही गरजेपुरताच.

रंगाचं उत्तम उदाहरण म्हणजे मूत्राशय-मूत्रमार्ग जोडाची बेल्जियमचे रोलँड व्हॅन व्हेल्थोवेन यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत. दोन धागे शेपटाशी आधीच एकमेकांना बांधलेले, एक जांभळा, दुसरा बिनरंगी. दोन्ही सुया तळापासून सुरू होऊन दोन बाजूंनी वर येतात आणि आत एकच गाठ मारावी लागते. कुठला पदर कुठल्या बाजूचा हे रक्तातही रंगावरून कळतं. गाठींची संख्या एकावर आली, आणि त्यासाठी नवं रसायन लागलं नाही. मला ही रचना अनेक "क्रांतिकारी" पॉलिमरांपेक्षा जास्त आवडते.

जाता जाता: पॉलिग्लेकॅप्रोनचा रंगीत धागा बिनरंगीपेक्षा थोडा जास्त काळ ताकद धरतो. पाकीट उघडण्याआधी रंग बघावा.

रोबोटनं शिवताना वेगळा धागा लागतो का?

धागा तोच, शिस्त वेगळी. बहुतेक रोबोटी यंत्रणांत शल्यविशारदाच्या हाताला ताण जाणवत नाही, तो डोळ्यांनी ओळखावा लागतो. ओढ जास्त झाली की बारीक धागा तटकन तुटतो. घडवणाऱ्याच्या दृष्टीनं इथे किंचित ताणला जाणारा धागा फायद्याचा, कारण तुटण्याआधी लांबताना पडद्यावर दिसतो.

जंतुरोधक थर असलेला धागा घ्यावा का?

ट्रायक्लोसान हे जंतुरोधक रसायन लावलेले धागे २००२ पासून मिळतात. जखमेचा संसर्ग कमी होण्यास त्यांची मदत होऊ शकते. स्वच्छतेतली आणि रक्तपुरवठ्यातली उणीव ते भरून काढत नाहीत.

हे धागे रुग्णालयात पुन्हा निर्जंतुक करता येतात का?

अजिबात नाही. वाफेत उष्णता आणि पाणी दोन्ही असतात, आणि पाणी म्हणजे या धाग्याचा शेवट. गॅमा किरणांनीही साखळ्या तुटतात. म्हणून कारखान्यात बहुतेक धाग्यांसाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात, धागा कोरडा करतात आणि ओल न शिरणाऱ्या फॉइलमध्ये बंद करतात. फॉइल फाडलं की ताकदीचं घड्याळ सुरू झालं असं समजा. उघडून राहिलेला धागा "उद्याला होईल" म्हणून ठेवू नये.

नवा धागा घडवला तर कोणत्या चाचण्या लागतात?

जाडी, गाठीसह ताण आणि सुई-धाग्याच्या जोडाची ताकद या तिन्हींच्या पद्धती अमेरिकी औषधसंहितेत दिल्या आहेत. ३-० आकाराचा (हा जाडीचा ठरावीक क्रमांक) कृत्रिम धागा ०.२० ते ०.२४९ मिलिमीटरमध्ये बसलाच पाहिजे. शरीराशी जुळण्याच्या चाचण्या आयएसओ १०९९३ या मालिकेनुसार. झिजेसाठी ३७ अंशांच्या द्रावणात नमुने ठेवून ठरावीक दिवसांनी ओढून तोडतात.

अडचणीच्या जागेसाठी एवढ्यानं भागत नाही. नमुना पकडीनं चार-पाच वेळा दाबून मगच ओढावा. गाठ बोटांनी नव्हे, प्रशिक्षण-पेटीत लांब अवजारांनी मारलेली असावी. सुसज्ज प्रयोगशाळेत यंत्रानं मारलेली सुबक गाठ पुस्तकात शोभते, ओटीपोटाच्या तळाशी तशी गाठ कुणी मारत नाही.

स्वतःहून आवळणारी गाठ खरंच शक्य आहे का?

प्रयोगात, हो. २००२ मध्ये आंद्रेयास लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी आकार लक्षात ठेवणारा, विघटनशील पॉलिमर दाखवला. ताणून बसवलेल्या धाग्याची सैल गाठ मारायची, तापमान ४० अंशांच्या आसपास नेलं की धागा आखडतो आणि गाठ घट्ट होते. पेच असा की शरीर आधीच ३७ अंशांवर असतं. ताप आलेल्या रुग्णात धागा अवेळी आखडून चालणार नाही आणि ऊती भाजेल इतकी उष्णताही देता येणार नाही. या अरुंद पट्टीत नेमका बसणारा आणि वर सांगितलेली दोन्ही घड्याळं पाळणारा धागा ज्याला जमेल, त्याच्या सुईची लांबी-बाक मी पुढचं काम म्हणून आनंदानं आखीन.

शस्त्रक्रियेनंतर लघवीतून किंवा जखमेतून धाग्याचा तुकडा बाहेर आला तर घाबरावं का?

ताकद संपलेल्या धाग्याचा तुकडा कधी कधी असा सुटून येतो, विशेषतः काही आठवड्यांनी. टोक दिसत असेल तर ओढू नका, आतला भाग अजून धरून असू शकतो. पहिल्या दोन आठवड्यांत तुकडा आला, किंवा त्याबरोबर ताप, पू, वाढती वेदना, लघवी अडणं यांपैकी काहीही असलं, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना त्याच दिवशी दाखवा. तुकडा सोबत न्या.